ड्रायर थांबतो, कपडे ओलसरच राहतात: आधी काय तपासायचं

ड्रायर थांबल्याचा आवाज येतो, आपण दार उघडतो, वरचे टी-शर्ट गरमगरम आणि छान कोरडे लागतात. घड्या घालायला बसतो आणि मग एकेक गोष्ट हाताला लागायला लागते. जीन्सची कमरपट्टी ओली. टॉवेलची दुमडलेली कड ओली. चादरीच्या पोटात गुंडाळला गेलेला मोजा तर पिळला तर पाणी येईल इतका ओला. पुन्हा अर्धा तास लावायचा, पुन्हा उघडून बघायचं. पुढच्या धुण्याला तीच कथा.

माझ्याकडे हे सलग पाच महिने चाललं. त्या काळात दुरुस्तीवाले दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा त्यांनी उष्णतेचा फ्यूज बदलला, दोन्ही वेळा तीन-चार आठवडे बरं चाललं आणि मग पुन्हा ड्रम फिरतोय पण आत थंडगार. तिसऱ्यांदा फोन करण्याआधी मी ड्रायर भिंतीपासून पुढे ओढला. हवा बाहेर नेणारा मागचा चंदेरी, घड्यांचा पाइप भिंत आणि मशीन यांच्यामध्ये पार चपटा झाला होता. तो काढून आत हात घातला तर बोटाला राखाडी रंगाचा, जाड लोकरीच्या कापडासारखा थर लागला. ओढला तसा तो सलग निघत आला, हातभर लांब. फ्यूज त्याचं काम चोख करत होता. हवेची वाट अडली की आतली उष्णता आतच कोंडते, तापमान मर्यादेपलीकडे गेलं की हा फ्यूज स्वतः तुटतो आणि हीटर बंद पाडतो. तो बदलत राहणं म्हणजे ताप का येतोय हे न बघता थर्मामीटर बदलत राहणं.

तेव्हापासून मी कुणालाही पहिली गोष्ट हीच सांगते: ड्रायरमध्ये कपडे वाळवण्याचं अर्धं काम हवेचं आहे. उष्णतेनं पाण्याची वाफ होते, पण ती वाफ कपड्यांपासून दूर नेली नाही तर ड्रममधली हवा दमट होऊन बसते आणि पुढची वाफ व्हायचीच थांबते. ड्रम फिरतो तोही कपडे मोकळे होऊन त्यांच्यामधून हवा खेळावी म्हणून. त्यामुळे "वाळत नाही" अशी तक्रार आली की हीटरकडे संशयानं बघण्याआधी हवा आत कुठून येते आणि बाहेर कुठून जाते ते बघायचं.

आधी आपला ड्रायर कुठल्या जातीचा

हे माहीत नसेल तर पुढचं सगळं चुकतं. बोलीभाषेत दोन टबांच्या मशीनमधल्या, कपडे गरगर फिरवून पाणी काढणाऱ्या टबालाही ड्रायर म्हणतात. तो स्पिनर. त्यात हीटर नसतो, कपडे ओलसर निघणं हाच त्याचा नेहमीचा निकाल आहे, त्यात बिघाड शोधू नका.

खऱ्या ड्रायरचे घरगुती प्रकार मुख्यतः तीन. पहिला दमट हवा पाइपातून घराबाहेर सोडणारा, म्हणजे व्हेंटेड. दुसरा कंडेन्सर: यात गरम दमट हवा आतल्याआत थंड करून तिचं पाणी केलं जातं आणि ते टाकीत किंवा नळीवाटे मोरीत जातं. तिसरा हीट पंप, हाही पाणी गोळा करणाराच, पण आतली उष्णता वाया न घालवता पुन्हापुन्हा वापरणारा. हीट पंपाला वीज साध्या ड्रायरच्या मानानं निम्म्याच्या आसपास लागते. तापमानही कमी असतं, बहुधा ५० अंश सेल्सियसच्या आगेमागे, आणि म्हणून वेळ जास्त लागतो. भरल्या ड्रमला दोन-अडीच तास लागणं हा त्याचा स्वभाव आहे. जुना ड्रायर काढून हीट पंप घेतलेल्या माणसाला पहिला महिना हमखास वाटतं की मशीन खराब आलंय. कपडे शेवटी कोरडे निघत असतील आणि फक्त वेळ लागत असेल, तर ते ठीक आहे.

चौथा प्रकार धुणं आणि वाळवणं एकाच ड्रममध्ये करणाऱ्या मशीनचा. त्याच्याविषयी खाली वेगळं लिहिलंय, कारण त्याच्या निम्म्या तक्रारींचं कारण एकच असतं.

जाळी स्वच्छ दिसते, पण हवा जाते का?

लिंट फिल्टर, म्हणजे दाराशी किंवा वरच्या खाचेत बसवलेली जाळी, प्रत्येक वेळी साफ करायची. आठवड्यातून एकदा नव्हे, दर फेरीला. कपड्यांतून सुटलेली लव तिथे जमते आणि एका टॉवेलच्या फेरीतच जाळी पूर्ण झाकली जाऊ शकते. हे बहुतेकांना माहीत असतं. ज्याकडे दुर्लक्ष होतं ते वेगळंच.

जाळी हातानं पुसून काढली, उजेडासमोर धरली, छिद्रं दिसली, म्हणजे स्वच्छ झाली असं आपण धरून चालतो. एकदा ती नळाखाली धरून बघा. पाणी सरळ आरपार गेलं तर उत्तम. अळवाच्या पानावर राहतं तसं ते जाळीवर थेंब-थेंब होऊन थबकलं, तर जाळीवर मेणचट पापुद्रा चढलाय. फॅब्रिक सॉफ्टनर आणि ड्रायरमध्ये टाकायचे सुगंधी कागद यांतला मऊपणा आणणारा पदार्थ हळूहळू जाळीवर बसतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण हवेला नक्की अडवतो. कोमट पाणी, भांड्यांचा थोडा साबण आणि जुना मऊ टूथब्रश घेऊन दोन्ही बाजूंनी हलक्या हातानं घासायची, खळखळून धुवायची आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवायची. माझी जाळी अशी पहिल्यांदा घासली तेव्हा ब्रशाच्या केसांना पांढरट, साबणाच्या चोथ्यासारखं काहीतरी चिकटून आलं आणि त्या दिवशीच्या फेरीला पंचवीस मिनिटं कमी लागली. मी काही सॉफ्टनरच्या विरोधात नाही, पण टॉवेलांना तो घालू नका एवढं मात्र नक्की सांगेन. टॉवेलाची पाणी शोषायची ताकद त्यानं जाते.

जाळी बाहेर काढल्यावर ती जिथे बसते त्या खाचेतही डोकावून बघा. तिथे खाली लव साठते. व्हॅक्यूम क्लीनरचं अरुंद तोंड किंवा लांब दांड्याचा ब्रश पुरतो. मात्र आधी प्लग काढा.

मागचा पाइप, वळणं आणि बाहेरची झडप

व्हेंटेड ड्रायरसाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. पाइप बहुधा १०० मिलिमीटर, म्हणजे चार इंच व्यासाचा असतो. तो जितका आखूड, सरळ आणि आतून गुळगुळीत, तितकं चांगलं. टणक धातूचा पाइप सर्वांत बरा. अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा घड्यांचा पाइप चालतो, पण घड्यांमध्ये लव अडकते आणि तो सहज दबतो. प्लास्टिकचा पाइप असेल तर आजच बदला, कारण आग लागली तर तोच पेट घेतो. ९० अंशांचं एक वळण साधारण दीड मीटर सरळ पाइपाइतका अडथळा करतं, म्हणून तीन वळणांचा दोन मीटरचा पाइप हा हवेच्या दृष्टीनं दोन मीटरचा राहत नाही. किती लांबी चालते ते मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

पाइपाचे सांधे स्क्रूनं आवळले असतील आणि स्क्रूची टोकं आत आली असतील, तर प्रत्येक टोकावर लव अडकत जाते. सांध्याला वरून पट्टी किंवा धातूची चिकटपट्टी लावायची. बाहेरच्या तोंडाला पक्षी शिरू नयेत म्हणून बारीक जाळी बसवायचा मोह होतो, ती बसवू नका. आठवड्या-दोन आठवड्यांत ती लवेनं बंद होते. तिथे उघडझाप होणारी झडप असते, ती पुरेशी आहे.

तपासायची रीत सोपी आहे. ड्रायर चालू असताना बाहेर जाऊन झडपेसमोर हात धरायचा. झडप पूर्ण उघडलेली हवी आणि हाताला गरम दमट हवेचा जोराचा झोत लागायला हवा. नुसती कोमट झुळूक आली तर वाट अडलेली आहे. विजेवर चालणाऱ्या ड्रायरचा पाइप मागून काढून एकच फेरी चालवून बघता येते. तसं केल्यावर कपडे झटपट वाळले तर दोष पाइपात आहे, मशीनमध्ये नाही, आणि दुरुस्तीवाल्याचे पैसे वाचले. खोली दमट होईल आणि थोडी लव उडेल, एका फेरीपुरतं चालतं. गॅसवर चालणाऱ्या ड्रायरला मात्र हा प्रयोग कधीच करायचा नाही. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, ज्याला ना रंग ना वास.

पाइप वर्षातून एकदा तरी पूर्ण काढून साफ करा. घरात मोठं कुटुंब, रोजचं धुणं किंवा लव सोडणारे प्राणी असतील तर दोनदा.

कंडेन्सर आणि हीट पंप: पाणी कुठे गेलं ते बघा

इथे बाहेर जाणारा पाइप नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण लव कुठेतरी जाणारच. दाराच्या जाळीतून निसटलेली बारीक लव पुढे जाऊन, ज्या थंड पत्र्यांवर वाफेचं पाणी होतं त्या पत्र्यांच्या फटींत अडकते. बऱ्याच कंडेन्सर ड्रायरमध्ये हा पत्र्यांचा ठोकळा खालचं झाकण उघडून सरकवून काढता येतो. तो दीड-दोन महिन्यांनी नळाखाली, लांबीच्या दिशेनं पाणी सोडून धुवायचा, निथळून परत नीट बसवायचा आणि खिट्ट्या पूर्ण लावायच्या. खिट्टी अर्धवट राहिली की गरम दमट हवा तिथून बाहेर गळते. मग टाकीत पाणी कमी जमतं आणि खोलीच्या काचांवर जास्त. "टाकी जवळजवळ रिकामी आणि भिंती ओल्या" अशी तक्रार असेल तर पहिला हात या खिट्ट्यांना लावा.

हीट पंपात हे पत्रे बहुधा कायमचे बसवलेले असतात. त्यांच्यापुढे स्पंजसारखा दुसरा फिल्टर असतो, तळाच्या झाकणामागे, आणि कित्येकांना तो आहे हेच ठाऊक नसतं. तो काढून धुवा, वाळवा. मागचे पत्रे दिसत असतील तर मऊ ब्रशानं, वरून खाली, अगदी हलक्या हातानं साफ करा. हे पत्रे पातळ असतात, कडाही धारदार असतात. वाकले तर हवा पुन्हा अडते आणि बोट कापतं ते वेगळंच. काही मशीन पत्रे आपोआप धुतात, तरी जाळीची साफसफाई आपल्याच वाट्याला येते.

पाण्याची टाकी दर फेरीनंतर रिकामी करा. टाकी रिकामी असूनही भरल्याचा दिवा लागत असेल, तर तळाशी असलेला पंप किंवा तरंगणारा खटका लवेच्या चिखलात अडकलाय असं समजा. नळी मोरीत सोडली असेल तर ती पिळवटलेली नाही ना, तिचं तोंड पाण्यात बुडत नाही ना, हे बघा.

आणि खोली. कंडेन्सर ड्रायर आजूबाजूची हवा वापरून आतली हवा थंड करतो. बंद कपाटात किंवा हात-दोन हात रुंद फटीत कोंबलेला कंडेन्सर ड्रायर स्वतःच्याच उष्णतेत उकडत राहतो आणि मग वाफेचं पाणी होईनासं होतं. दार किलकिलं ठेवा, खिडकी उघडा. याउलट, फार थंड जागेत हीट पंप रखडतो. हीट पंप आडवा करून हलवला असेल तर लगेच चालू करू नका. पुस्तिकेत सांगितलेला वेळ तो उभा राहू द्या, कारण आत फ्रिजसारखाच कॉम्प्रेसर असतो.

ड्रायरच्या माथी मारलेलं वॉशिंग मशीनचं काम

एका गोष्टीसाठी हा एक आकडा लक्षात ठेवा. पाणी उकळायच्या तापमानापर्यंत न नेता नुसती त्याची वाफ करायची म्हटलं तरी दर लिटरला साधारण दोन तृतीयांश युनिट वीज लागते. हा निसर्गाचा हिशेब आहे, साध्या हीटरच्या ड्रायरला तो चुकवता येत नाही. तेच पाणी वॉशिंग मशीननं गरगर फिरवून काढलं तर वीज अगदी नगण्य लागते.

पाच किलो सुती कपडे मिनिटाला ८०० फेऱ्यांवर पिळले तर त्यांत अंदाजे साडेतीन लिटर पाणी उरतं. १४०० फेऱ्यांवर पिळले तर अडीच लिटर. तो एक लिटर ड्रायरनं काढायचा म्हणजे वेळही गेला, वीजही गेली. त्यामुळे ड्रायरमध्ये जाणाऱ्या सुती कपड्यांना, टॉवेलांना, चादरींना जास्तीत जास्त वेगाचं स्पिन लावा. कपडे काढल्यावर टॉवेल हातात जड वाटला, पिळून थेंब आले, तर तो ड्रायरमध्ये टाकू नका, आणखी एकदा स्पिन करा. पुष्कळदा मशीनमध्ये एकच जड टॉवेल किंवा गोधडी असली की तोल जातो आणि मशीन वेग स्वतःच कमी ठेवतं. तिथे आणखी दोन कपडे घालून पुन्हा स्पिन केलं की काम होतं.

सेन्सर, छोटी फेरी आणि माझ्या बहिणीचा फोन

बहिणीनं नवा ड्रायर घेतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात फोन केला. "ताई, याचा सेन्सर बिघडलाय गं. वीस मिनिटांत बंद पडतो आणि शर्ट ओले."
"किती शर्ट होते?"
"तीन. आणि एक पायजमा."
मी तिला म्हटलं, "अगं, तेवढ्याशा कपड्यांचा त्याला पत्ताच लागत नसेल."

ड्रमच्या आत, दाराजवळ किंवा जाळीपाशी, बोटभर लांबीच्या दोन धातूच्या पट्ट्या शेजारी शेजारी असतात. ओला कपडा दोन्ही पट्ट्यांना एकदम टेकला की त्यातल्या पाण्यातून अगदी क्षीण वीजप्रवाह जातो, आणि मशीनला कळतं की अजून ओल आहे. प्रवाह जायचा थांबला की कपडे वाळले असं ते समजतं. मोठ्या ड्रममध्ये चारच कपडे असतील तर ते पट्ट्यांना क्वचित टेकतात. सेन्सरला काही लागत नाही, आणि मशीन लवकर थांबतं. अशा छोट्या फेरीला सेन्सरचा कार्यक्रम सोडून सरळ वेळ लावा, ३०-४० मिनिटं.

फेरी पुरेशी मोठी असूनही लवकर थांबत असेल तर त्या पट्ट्या पुसा. जाळीवर बसतो तोच मेणचट पापुद्रा त्यांच्यावरही बसतो. मऊ कपड्यावर थोडं व्हिनेगर किंवा स्पिरिट घेऊन, मशीन थंड आणि प्लग काढलेला असताना पुसायचं आणि नंतर ओल्या फडक्यानं स्वच्छ करायचं. घासणी लावू नका, ओरखडे पडतात. एवढं करूनही प्रत्येक फेरीला थोडी ओल राहत असेल तर बऱ्याच मशीनमध्ये कोरडेपणाची पातळी एक घर वर नेता येते.

आणि निवडलेला कार्यक्रम एकदा नीट वाचा. "इस्त्रीसाठी" असं लिहिलेला कार्यक्रम मुद्दाम थोडी ओल ठेवतो. कपाटात ठेवायचे कपडे हवे असतील तर "कपाटासाठी" किंवा "जादा कोरडे" घ्यायचं.

अजून एक. ड्रममधून काढलेला गरम कपडा हाताला ओलसर वाटतो आणि पाच मिनिटं पसरून ठेवला की कोरडा निघतो. म्हणून शंका आली तर लगेच पुन्हा आत टाकू नका. एक कपडा गार होऊ द्या, मग शिवणी चाचपा.

धुताना रंगावरून, वाळवताना जाडीवरून

ही सवय लावून घेतली की निम्मा त्रास जातो. धुताना आपण पांढरे-रंगीत वेगळे करतो, तेच ढीग जसेच्या तसे ड्रायरमध्ये जातात, आणि पातळ सदरा करपेपर्यंत जीन्स ओली राहते. जीन्स, टॉवेल, जाड सुती एकीकडे. पातळ आणि कृत्रिम धाग्याचे कपडे दुसरीकडे. जीन्स उलट्या करून, खिशांची अस्तरं बाहेर ओढून टाका. चेन आणि हुक लावून टाका, नाहीतर शेजारच्या कपड्यांना घासून भोकं पडतात.

ड्रम अर्ध्यापेक्षा थोडा जास्त भरा, दोन तृतीयांशाच्या पुढे नको. कपड्यांना वर जाऊन खाली पडायला जागा लागते. ओला गठ्ठा नुसता घरंगळत राहिला तर बाहेरून वाळतो, आतून नाही.

चादरींचा प्रश्न वेगळा. चादर ड्रममध्ये पीळ घेते आणि छोटे कपडे तिच्या पोटात जातात. दुलईची खोळ तर पोतं होऊन बसते. खोळीची बटणं किंवा चेन आधी बंद करा, चादरी झटकून एकेक सुटी टाका, त्यांच्यासोबत मोजे-रुमाल टाकू नका, आणि निम्म्या वेळेला थांबवून एकदा सोडवा. लोकरीचे चेंडू टाकले तर थोडा फरक पडतो, पीळ पूर्ण टळत नाही. परांच्या उशा आणि जॅकेटना मात्र ते चेंडू खरोखर हवेत: मंद आच, भरपूर वेळ, आणि मधूनमधून काढून आतल्या गुठळ्या हातानं मोडायच्या. बाहेरून कोरडं लागलं म्हणून थांबलात तर आत ओल राहून कुबट वास येतो.

धुणं आणि वाळवणं एकाच मशीनमध्ये

या मशीनवर दोन आकडे असतात. धुण्याचे आठ किलो असतील तर वाळवण्याचे पाच किंवा त्याच्या आसपास. आठ किलो धुऊन तसेच वाळवायला ठेवले की चार तासांनी गरम, दमट, चुरगळलेला गोळा हातात येतो. दोष मशीनचा नाही. धुऊन झाल्यावर अर्धे कपडे बाहेर काढायचे. दुसरं, यातली बरीच मशीन वाफेचं पाणी करायला नळाचं थंड पाणी वापरतात. धुणं संपल्यावर सवयीनं नळ बंद केला तर वाळवणं अडतं. दाराच्या रबरात चिकटलेली लवही दर फेरीला पुसून घ्या.

आटणं, झटके, सुरकुत्या, वास

कपड्याच्या चिठ्ठीवर चौकोनात वर्तुळ असतं, ती ड्रायरची खूण. आत एक ठिपका असेल तर बाहेर जाणाऱ्या हवेचं तापमान ६० अंशांपर्यंत चालतं, दोन ठिपके असतील तर ८० पर्यंत. खुणेवर फुली म्हणजे ड्रायरला बंदी. या खुणा आयएसओ ३७५८ या आंतरराष्ट्रीय मानकातल्या आहेत, म्हणून त्या बऱ्याच देशांतल्या कपड्यांवर सारख्याच असतात. लोकर या यंत्रात आटते ती उष्णतेपेक्षा उलथापालथीनं, कारण तिच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकत जातात आणि मग सुटत नाहीत. ताणणाऱ्या कपड्यांतलं इलॅस्टिक उष्णतेनं मरतं. डाग राहिला असेल तर कपडा ड्रायरमध्ये टाकूच नका, उष्णतेनं तो पक्का बसतो.

कपडे एकमेकांना चिकटतात, अंगाला झटका बसतो, तेव्हा ते गरजेपेक्षा जास्त वाळलेले असतात. कृत्रिम धाग्याचे कपडे वेगळे वाळवा आणि दहा मिनिटं आधी काढा.

सुरकुत्यांना उपाय एकच, थांबल्या थांबल्या काढणं. गरम ढीग ड्रममध्ये पडून राहिला की प्रत्येक घडी तशीच थंड होऊन बसते. बसलीच, तर ओलं फडकं घालून दहा मिनिटं फिरवा आणि या वेळी उभं राहून काढा.

वासाचं मूळ बहुधा ड्रायरच्या आधीचं असतं. धुतलेले कपडे रात्रभर वॉशिंग मशीनमध्ये राहिले की कुबट होतात, आणि ड्रायर तो वास घालवत नाही, नुसता वाळवतो. ते पुन्हा धुवा. शिवाय ड्रायर खोलीतलीच हवा ओढतो. शेजारी रंगाचा डबा, थिनर, रॉकेल उघडं असेल तर तो वास थेट कपड्यांत येतो.

आगीबद्दल

जमलेली लव भुसभुशीत आणि कोरडी असते, ठिणगी पडली की भडकते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनानं २००८ ते २०१० या काळाचा अभ्यास केला तेव्हा तिथल्या घरांत ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २९०० आगी लागत होत्या, आणि सर्वांत मोठं कारण साफसफाई न करणं हेच होतं.

त्याहून कमी माहिती असते ती तेलाची. खायचं तेल, मालिशचं तेल, लाकडाला लावायचं जवसाचं तेल पुसलेली फडकी धुऊनही त्यांत तेल उरतं. ड्रायरच्या उष्णतेनं ते हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून स्वतःच तापत जातं, आणि फेरी संपल्यावर घडी घालून ठेवलेला ढीग काही तासांनी पेटू शकतो. अशी फडकी ड्रायरमध्ये टाकायची नाहीत. पेट्रोल, रॉकेल, थिनर लागलेले कपडेही नाहीत, फोम आणि रबराच्या वस्तूही नाहीत. शेवटची दहा मिनिटं ड्रायर गार हवा फिरवतो, ती टप्प्याटप्प्यानं थंड करायची वेळ आहे. ती मोडून थांबवलंच तर सगळे कपडे लगेच बाहेर काढून पसरा. झोपताना किंवा घराबाहेर पडताना ड्रायर लावून जाऊ नका. ड्रायरला एक्स्टेंशन वायर जोडू नका, कारण दोन-अडीच हजार वॅटचा भार ती पेलत नाही. प्लग हाताला चटका बसेल इतका गरम लागला तर इलेक्ट्रिशियनला सॉकेट दाखवा. आणि घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर दार लावण्याआधी ड्रममध्ये हात फिरवून बघा. मांजराला ऊबदार ढीग फार आवडतो.

फोन करायचाच असेल तर

ड्रम फिरत नाही, पण मोटरची गुणगुण ऐकू येते: बहुधा पट्टा तुटलाय. ड्रम फिरतो, हवा थंड: फ्यूज किंवा हीटर, पण त्याआधी "फक्त हवा" असा कार्यक्रम तर लागलेला नाही ना ते बघा. काहीच चालू होत नाही: दार पूर्ण लागलंय का, मुलांसाठीचं कुलूप लागलंय का. चिरका आवाज: ड्रमखालची चाकं झिजलीत. बरेच दिवस बंद असलेला ड्रायर पहिली दोन-तीन मिनिटं ठकठक करून शांत होत असेल तर काळजी नको, एका जागी दबून राहिलेला रबर मोकळा होतोय. करपल्याचा वास आला तर मात्र लगेच बंद करा, प्लग काढा आणि तपासून होईपर्यंत लावू नका.

दुरुस्तीवाले आले की त्यांना "वाळत नाही" एवढंच सांगू नका. कपडे किती होते, कुठल्या वेगानं पिळले, किती वेळ चालला, बाहेरच्या झडपेशी झोत कसा होता किंवा टाकीत किती पाणी जमलं, हे सांगा. फ्यूज तुटलेला निघाला तर तो कशामुळे तुटला हे विचारा आणि त्यांच्यासमोर पाइप काढून आतून दाखवायला लावा. माझ्याकडे आता मशीन आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर जागा सोडलेली आहे आणि तिथे जमिनीवर खडूची रेघ मारलीय. साफसफाई करताना कुणी ड्रायर त्या रेघेच्या मागे सरकवला की दुसऱ्या दिवशीच्या टॉवेलांवरून मला कळतं.